३.६ ग्रॅव्हिटीचा बराइट ४.२० वर न्यायचा आहे, सुरुवात कुठून करू?

पांढरा_दगड

नमस्कार मंडळी. माझी बराइट (बेरियम सल्फेटचं जड खनिज) दळायची छोटी गिरणी आहे. एक जॉ क्रशर, एक रोलर मिल आणि तिच्यावर हवेचा क्लासिफायर, एवढीच यंत्रं. आजवर ४.३० च्या वरचा दगड मिळायचा. फोडला, दळला, पोत्यात भरला की काम संपलं. तेलविहिरींच्या ड्रिलिंगच्या चिखलासाठी माल जातो, त्यामुळे गिऱ्हाईक आधी ग्रॅव्हिटीच (पाण्याच्या किती पट जड ते) बघतं.

आता तसा दगड मिळेनासा झालाय. यार्डात साधारण ८०० टन माल पडून आहे आणि त्याची ग्रॅव्हिटी ३.६ च्या आसपास येते. हातात घेतला तर दगड जड लागतो, पण फोडला की आत गारगोटीच्या शिरा दिसतात. काही ढेकळांवर तांबूस-तपकिरी पुटं आहेत. ढिगाच्या तळच्या मालाला चिकणमाती लागली आहे.

दोन प्रयोग केले, दोन्ही फसले. पहिला मिश्रणाचा. माझ्याकडे ४.३५ चा थोडा दगड शिल्लक होता. हिशेब केला की ८० टक्के तो आणि २० टक्के हा घेतला की सरासरी बरोबर ४.२० येते. तसा माल पाठवला, तर गिऱ्हाइकाच्या तपासणीत ४.१८ लागला आणि सगळी गाडी परत आली. माझ्या गणितात चूक कुठे झाली ते अजून कळलेलं नाही.

दुसरा प्रयोग शेकिंग टेबलचा. माल नेहमीसारखा ७५ मायक्रॉनखाली दळून घेतला आणि एका ओळखीच्यांच्या टेबलावर पाण्याबरोबर सोडला. वाटलं होतं, जड ते एका बाजूला येईल आणि हलकं दुसऱ्या. पण गारगोटी जिकडून जायला हवी त्या कडेने दुधासारखं पांढरं पाणी वाहत राहिलं. ते पाणी बादलीत धरून रात्रभर निवळू दिलं. सकाळी तळाला बोटभर साका बसला होता. वाळवून मोजला तर ३.८. म्हणजे मूळ मालापेक्षा जास्त! माझा बराइटच वाहून जात होता.

आता यंत्रं विकणारे एकजण म्हणतात की थेट फ्लोटेशनचा (रसायन घालून खनिज फेसावर चढवण्याचा) प्लांट घाला, बाकी सगळं जुनं झालं. एवढी उडी घेण्याआधी जाणकारांना विचारावं म्हणून लिहितोय. जिग (पाण्याच्या झटक्यांनी जड-हलकं वेगळं करणारं यंत्र) घ्यावा, टेबल घ्यावं की फ्लोटेशन? आणि ८०० टनांतून हाती किती लागेल?

जुना_जिगवाला

तुमचं यार्ड इथूनच डोळ्यासमोर आलं. हे काम मी बरीच वर्षं केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मिश्रणाचं, कारण ही चूक फार जण करतात. ग्रॅव्हिटीची अशी सरासरी निघत नाही. वजन आणि आकारमान यांची बेरीज होते, ग्रॅव्हिटीची होत नाही. १०० किलो मिश्रण धरा. ४.३५ चा ८० किलो माल १८.३९ लिटर जागा घेतो. ३.६ चा २० किलो माल ५.५६ लिटर घेतो. एकूण २३.९५ लिटर. आता १०० ला २३.९५ ने भागा: ४.१८. गिऱ्हाइकाची तपासणी बरोबर होती. हलका माल वजनाच्या मानाने जागा जास्त अडवतो, म्हणून निकाल नेहमी सरासरीच्या खाली येतो. ४.२० गाठायला तुमचा हलका माल १७ टक्क्यांपर्यंतच चालेल. त्या वाटेने ८०० टन संपवायचे तर ४.३५ चा ३,९०० टन दगड लागेल. म्हणजे ती वाट बंदच समजा.

आता टेबलाचं. तुम्ही दळून मग वेगळं करायला गेलात. क्रम उलटा हवा: वेगळं करून मग दळायचं. बराइटची कठीणता ३ ते ३.५, गारगोटीची ७. बराइट ठिसूळ आहे, दाब पडला की पापुद्र्यांनी फुटतो आणि त्याचं पीठ होतं. इतक्या बारीक कणांवर वजनापेक्षा पाण्याच्या ओढीचा जोर जास्त चालतो. मग जड-हलकं हा भेद टेबलाला कळणार कसा? शुद्ध बराइट ४.५ च्या आसपास, गारगोटी २.६५. पाण्यात दोघांतून १ वजा करा: ३.५ आणि १.६५. गुणोत्तर २.१ च्या आसपास. एवढ्या फरकावर पाण्याने वेगळं करणं साधारण १५० मायक्रॉनपर्यंत नीट जमतं. त्याखाली हाल होतात, आणि तुम्ही तर सगळा माल ७५ च्या खाली नेला होता.

म्हणून यंत्र कुठलं घ्यायचं हा प्रश्न नंतरचा. तुमच्या दगडात बराइट गारगोटीपासून कुठल्या आकाराला सुटा होतो, हे आधी शोधा. बोटभर शिरा असतील तर १० मिलिमीटरला सुटेल. दोन्ही खनिजं साखर-रव्यासारखी मिसळलेली असतील तर जिगचा उपयोग नाही.

यासाठी एक पैशाचंही यंत्र नको. मी शिकलो तसं सांगतो. ढिगातून आठ-दहा ठिकाणचा मिळून ५० किलो माल घ्या. आधी धुवा, माती पूर्ण जाऊ द्या. चिकणमातीने पाणी घट्ट होतं आणि त्यात कुठलाच दगड मनासारखा बसत नाही. मग क्रशरमधून १० मिलिमीटरखाली फोडा आणि चाळून तीन भाग करा: १० ते ५, ५ ते २ आणि २ च्या खालचा. चाळणं टाळू नका. मोठा गारगोटीचा खडा आणि त्याच्या निम्म्या आकाराचा बराइटचा खडा पाण्यात जवळजवळ एकाच वेगाने खाली जातात. एकत्र ठेवलेत तर तेच एकमेकांच्या जागी जाऊन बसतील.

आता १० ते ५ चा भाग घ्या. तीन मिलिमीटर जाळीची गोल चाळणी आणि पाण्याने भरलेला टप. चाळणीत चार बोटं जाडीचा थर पसरा, टपात बुडवा आणि दोन-तीन सेंटिमीटर वरखाली करा. खाली नेताना झटका, वर घेताना सावकाश. खाली नेताना जाळीतून पाणी वर घुसतं, थर क्षणभर सैल होतो आणि तेवढ्यात जड खडा एक पायरी खाली सरकतो. दीडशे झटके मारा. हात भरून येतील, पण थांबू नका. मग चाळणी अलगद बाहेर काढा आणि पत्र्याच्या पट्टीने वरचा थर, मधला थर, खालचा थर असे वेगवेगळ्या ताटांत खरवडून घ्या. वरच्या ताटात काचेसारखी गारगोटी आणि खालच्यात दुधी, पापुद्र्याचे खडे दिसले तर जिग तुमच्या मालाला लागू आहे. तिन्ही ताटं वाळवा, तोला, ग्रॅव्हिटी काढा. जिग करतो ते हेच. फक्त तो दिवसभर करतो आणि दमत नाही.

आणि २ मिलिमीटरखालचा चुरा फेकू नका, ही हात जोडून विनंती. बराइट आधी फुटतो, त्यामुळे चुऱ्यात तो जास्त जमतो. मी होतो त्या एका प्लांटवर आम्ही दोन हंगाम १ मिलिमीटरखालचा गाळ माती समजून तळ्यात सोडला. पुढे तळं उपसायला घेतलं, तर अर्धंच भरलेलं फावडं उचलेना. मुकादमाने मुठीत घेऊन चोळला आणि तसाच माझ्यासमोर धरला. मोजला तर ३.९! आमच्या फीडपेक्षा (प्लांटमध्ये घालायच्या मालापेक्षा) चांगला माल आम्ही दोन वर्षं तळ्यात ओतला होता. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

किती लागेल ते विचारलंत. मळीत, म्हणजे बराइटबरोबरच्या नको असलेल्या दगडात, गारगोटीच आहे असं धरलं, तर ३.६ म्हणजे साधारण ६५ टक्के बराइट आणि ४.२० म्हणजे ९० टक्के. ६५ चा माल ९१ टक्क्यांवर नेला आणि त्यातला ८० टक्के बराइट हाती लागला, तर १०० टनांमागे ५७ टन. ८०० चे साधारण ४५०. कुणी ७०० चं आश्वासन देत असेल तर त्याला हे गणित दाखवा. एकही कण न गमावताही ५७० च्या वर जाता येत नाही.

पिक्नोमीटर

वरच्या काकांनी सांगितलेलं सगळं पटलं. मी तपासणीच्या बाजूची, त्यामुळे दोन गोष्टी जोडते.

दादा, तुमची ती तांबूस पुटं मला खटकतायत. वरचं गणित मळी गारगोटीची असेल तरच लागू होतं. लोखंडाची खनिजं स्वतःच जड असतात. हेमॅटाइट ५ च्या वर, सिडेराइट ३.९ च्या आसपास, लिमोनाइट ३.६ ते ४. हेमॅटाइट मिसळलेला माल ४.२० दाखवेल आणि तरीही त्यात गारगोटी जास्त राहिलेली असेल. जिगमध्ये सिडेराइट बराइटबरोबर खालीच बसतो. पाण्यात त्यांचा फरक ३.५ विरुद्ध २.९ एवढाच उरतो आणि तो पुरत नाही. तिथे चुंबक लागतो, तोही साधा नाही. साध्या चुंबकाला ही खनिजं दाद देत नाहीत, जास्त ताकदीचा मॅग्नेटिक सेपरेटर लागतो. पुटं नुसती वरवरची असतील तर घासून धुतल्यावर बरीच जातील. म्हणून पहिल्याच दिवशी एक तांबडं ढेकूळ फोडून आतला रंग बघा.

ग्रॅव्हिटीबरोबर बेरियम सल्फेट, सिलिका, लोह आणि कॅल्शियम एवढं तरी एकदा तपासून घ्या. घरच्या घरी करायचं तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. थंडच फसफसलं तर कॅल्साइट. कोमट केल्यावर फसफसलं तर डोलोमाइट किंवा सिडेराइटचा संशय. बराइट ढिम्म राहतो. जिप्सम असेल तर जपा. ड्रिलिंगच्या मालासाठीच्या एपीआय १३ए (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) प्रमाणात पाण्यात विरघळणारं कॅल्शियम किलोमागे २५० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही आणि जिप्सम ती मर्यादा सहज ओलांडतं. त्याच प्रमाणात ७५ मायक्रॉनच्या वर ३ टक्क्यांपेक्षा जास्त माल नको आणि ६ मायक्रॉनच्या खाली ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको, असंही आहे. म्हणजे जास्त दळणंही अंगाशी येतं. आणखी एक, २०१० पासून त्यात ४.१० ची प्रतसुद्धा आहे. तुमच्या गिऱ्हाइकाला ती चालते का, हे नक्की विचारा. ४.२० ऐवजी ४.१० म्हणजे ९० ऐवजी साधारण ८७ टक्के बराइट, आणि त्या तीन टक्क्यांत बराच माल वाचतो.

मोजताना नमुना १०५ अंशांवर पूर्ण वाळलेला असू द्या. ल शातेलिए फ्लास्कमध्ये (आकारमानाच्या खुणा असलेल्या काचेच्या भांड्यात) केरोसीन भरून भुकटी थोडी थोडी सोडा आणि फ्लास्क तिरका धरून फिरवत राहा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. अडकलेली हवा आकारमान वाढवते आणि चांगला मालही ४.१५ दिसतो. मी नवीन असताना घाईने वाचलेल्या आकड्यावरून एक चांगला ढीग नापास केला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला तेव्हा तो पास झाला. तेव्हापासून मी प्रत्येक नमुना दोनदा मोजते.

पांढरा_दगड

काका, ताई, तुमच्या उत्तरांनी डोळे उघडले. आठ दिवस हेच करत होतो, निकाल सांगतो.

तांबडी ढेकळं फोडली. दहातल्या सातांत रंग फक्त वरच्या पुटात होता, आत पांढराच. उरलेल्या तिनांत रंग आतपर्यंत गेलाय. ती ढेकळं हाताने वेचून बाजूला टाकतोय. आम्लाला कुठेच फेस आला नाही, कोमट केल्यावरही नाही.

१० ते ५ मिलिमीटरचा १० किलो माल दोन घाण्यांत चाळणीवर मारला. पहिल्या घाण्याला थर नीट लागले नाहीत, मी चाळणी वर घेतानाही झटका देत होतो. दुसऱ्या वेळी सावकाश वर घेतली आणि शंभराव्या झटक्याच्या आसपास वरचा थर काचेसारखा दिसायला लागला. मुलाला हाक मारून दाखवलं. मग पहिला घाणाही परत मारला. दोन्ही मिळून: खालचा थर ४ किलो, ग्रॅव्हिटी ४.२२. मधला २.५ किलो, ३.६५. वरचा ३.५ किलो, ३.०.

२ मिलिमीटरखालचा धुतलेला चुरा ३.८५ निघाला. काका, तुमचं तळं आठवलं. हा चुरा मी आजवर रस्त्यावरच्या खड्ड्यांत टाकत आलोय.

पुढे काय करू?

फेस_आणि_पाणी

माझा अनुभव फ्लोटेशनचा, म्हणून तेवढंच लिहितो. थेट फ्लोटेशन नको, या मताला माझाही दुजोरा. ४० टक्के माल नुसत्या पाण्याने पास होत असेल तर तो सगळा दळून त्याला रसायन पाजण्यात अर्थ नाही. जिग आणि टेबल झाल्यावर जो बारीक माल उरेल तो फ्लोटेशनचा.

तिथे पहिलं काम म्हणजे अतिबारीक गाळ काढून टाकणं. तो राहिला तर सगळं रसायन तोच पिऊन टाकतो. मग पल्प (दळलेला माल आणि पाणी यांचं मिश्रण) अल्कधर्मी करायचा, पीएच ९ च्या आसपास. गारगोटी दाबायला सोडियम सिलिकेट. बराइटला फेसावर चढवायला ओलिक आम्लासारखं फॅटी अॅसिड किंवा अल्किल सल्फेट. दाट पल्पमध्ये रसायन काही मिनिटं घोळवायचं आणि मगच हवा सोडायची. लागू पडलं की फेसाचा रंग बदलताना दिसतो. आधीचे मोठे, रिकामे, चकाकणारे बुडबुडे लहान होतात, पांढऱ्या सायीसारखे दाट होतात आणि काठावरून जडपणे ओघळतात. बोटाने उचलला तर फेस बोटाला चिकटतो आणि खाली पीठ राहतं.

पाणी मात्र आधी तपासा. साबणाला फेस न येणारं पाणी फॅटी अॅसिडलाही खातं. कॅल्शियमबरोबर त्याच्या गुठळ्या होतात, आणि तेच कॅल्शियम गारगोटीवर बसलं की गारगोटीही फेसावर चढायला लागते. आम्ही एकदा तीन आठवडे रसायनाचं प्रमाण बदलत बसलो होतो. दोष पाण्यात होता. अशा वेळी अल्किल सल्फेट जास्त तग धरतं.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. फ्लोटेशनच्या बराइटवर रसायनाचा पातळ थर राहतो. तो माल पाण्यात नीट भिजत नाही आणि ड्रिलिंगच्या चिखलात फेस करतो. म्हणून तो चांगला तापवून तो थर घालवावा लागतो. हा खर्च आधीच धरा.

जुना_जिगवाला

आकडे वाचून बरं वाटलं. तुमच्या तिन्ही ताटांचा हिशेब मांडला. खालच्या ४ किलोत साधारण ३.६४ किलो बराइट आहे, मधल्यात १.६८, वरच्यात १.००. म्हणजे एकूण बराइटच्या ५८ टक्के पहिल्याच फेरीत ४.२० च्या वर आला. पहिल्या फेरीला हे चांगलं आहे.

वरच्या थराची ३.० मात्र मला खुपतेय. निव्वळ गारगोटी असती तर २.६५ आली असती. त्या ताटातले वीस खडे उचला आणि भिंगाखाली बघा. सुटे पांढरे खडे चुकून वर राहिले असतील तर झटके कमी पडलेत. गारगोटीला चिकटलेला बराइट दिसला तर तो थर पुन्हा फोडावा लागेल. मधल्या थराचं नक्की तेच आहे, तो जोडखड्यांचा थर असतो. तो २ मिलिमीटरखाली फोडा, रोलर मिलला नको. जॉ क्रशर इतकं बारीक देणार नाही, त्यासाठी रोल क्रशर लागेल. मग तो आणि तुमचा ३.८५ चा चुरा चाळून, आकाराप्रमाणे वेगवेगळा टेबलावर सोडा. त्याच टेबलावर, जिथे आधी दूध वाहिलं होतं. या वेळी ०.१ मिलिमीटरखालचं आधीच बाजूला काढा आणि पिंपात साठवा. फ्लोटेशन करायचं की नाही ते त्या पिंपातला माल ठरवेल.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गारगोटी असलेला दगड कोरडा फोडताना आणि दळताना जी धूळ उडते, ती फुप्फुसात बसते आणि तिथून निघत नाही. माझ्या बरोबरीची दोन माणसं त्यात गेली. क्रशरच्या तोंडाशी पाण्याचा फवारा लावा आणि कामावरच्या प्रत्येकाला चांगला मास्क द्या. गारगोटी दळण्याआधी निघाली की मिलवरची धूळही तेवढी कमी घातक होते. जिग लावायला माझ्या लेखी हे एकच कारण पुरेसं आहे.

पांढरा_दगड

काका, वीस खडे पाहिले. तेरांवर पांढरा पट्टा चिकटलेला आहे, सात खडे निव्वळ गारगोटी. सुटा बराइट एकही नाही. म्हणजे झटके पुरेसे होते, तो थरही फोडायचाय. फवाऱ्याची नळी काल जोडली. रोल क्रशर दोन दिवसांसाठी मिळतोय, मधला आणि वरचा थर वेगवेगळा फोडून टेबलावर नेतो. ०.१ च्या खालच्यासाठी पिंप धुऊन ठेवलंय. ताई, तुम्ही म्हणालात तसं प्रत्येक नमुना दोनदा मोजून आकडे इथेच टाकतो.